कमरेपर्यंतचे छायाचित्र

संकेतस्थळावर छायाचित्रे मागवणारी आज्ञावली संगणकतज्ज्ञाने स्वहस्ते लिहिली होती. नको ती मागणी अर्ध्यावर रद्द करता येणे, हा तिचा अलंकार होता. आज ती साहेबांपुढे उभे राहून दाखवायची होती.

कर्मचाऱ्यांची छायाचित्रे आठ असताना मागण्या मात्र नऊ गेल्या.

नववे छायाचित्र वरून खाली सावकाश उतरू लागले. प्रथम टक्कल आले, मग सदऱ्यावरचा आज सकाळचाच चहाचा डाग.

"अहो, हे तर तुम्हीच," शेजारच्या बाई म्हणाल्या. "कधी काढलात फोटो?"

"काढलाच नाही." त्याने घाईघाईने मागणी रद्द केली. छायाचित्र कमरेशी थांबले.

"नशीब, पोट तरी आलं. उठा, साहेब बोलावतायत."

त्याने उठण्याचा यथाशक्ति प्रयत्न केला. मग मेजाखाली वाकून पाय शोधले.

"बाई," तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "रद्द केलेली मागणी परत पाठवायची सोय मी केलेलीच नाही."