रेंजर्सची जुनी कार्डं

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: १९८६ साल, न्यू जर्सीतलं पार्सिपनी. पाचवीतल्या वीणाने रेंजर्स या लाडक्या हॉकी टीमची, बाबांच्या लहानपणच्या काळातली, खेळाडूंचे फोटो छापलेली कार्डं जमवली आहेत. फक्त गोलकीपर राहिलाय. वर्गातला केविन तो उद्या दोन कार्डांच्या बदल्यात देणार आहे.

आईने हौसेने कार्डांचा डबा पुढे केला. "हरवू नयेत म्हणून भांड्यांवर घालतो तसं प्रत्येक फोटोवर तुझं नाव घातलंय. पक्क्या शाईने, सुंदर मराठीत!"

"आई! नाऊ नोबडी विल टेक देम!"

"अगं, तुझं नावच तर आहे. त्यात काय बिघडलं?"

वीणाने खोडरबर घेतलं, आणि खेळाडूंचे चेहरे झिजून गेले तरी ती स्वतःचं नाव पुसत राहिली.