कावेरीचे सर

"सर, बघा ना, तिसरी पाळी अकराला सुरू होते. बारा वाजता तारीख बदलते. मग प्रोग्रॅम तिला दोन पाळ्या समजतो..."

दाराशी आलेला प्रसाद तिथेच थांबला. खोलीत कावेरी एकटीच होती. पाठमोरी, कानांवरून ओढणी, पुढ्यात कॉम्प्युटर आणि सुताचा एक रिकामा बॉबिन. पेनं ठेवायला असावा. ती दबक्या आवाजात बोलत होती आणि फोनवर कुणाचं ऐकत असल्यासारखी मध्येच थांबत होती.

"हां सर, सापडलं!" ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली.

ज्या चुकीपायी प्रसादचे अकरा दिवस गेले होते, ती या मुलीने अर्ध्या तासात काढली. सिल्वासाच्या या सूत कारखान्यात तो बारा वर्षं प्रोग्रॅमर होता. ती आली त्याला चार महिने झाले होते. खानवेल रस्त्यावरच्या नव्या कारखान्यात सॉफ्टवेअरचा प्रमुख कोण, हे याच महिन्यात ठरणार होतं. प्रसादने ती खुर्ची मनातल्या मनात कधीच बळकावली होती. बायकोला, मालतीला, सांगूनही झालं होतं.

आता त्याच्या पोटात दुखू लागलं. दुखणारच.

कावेरी डोकमर्डीतल्या चाळीत राहायची. तिचे वडील सुकदेव धुळ्याकडून आलेले, याच कारखान्यात मशीनवर. आणि ही पोरगी जेवणाच्या सुट्टीत एका हाताने भाकरी मोडत जाडजूड पुस्तकं वाचायची. जुना कोड न मोडता कसा सुधारायचा, असली. तीच पुस्तकं प्रसादच्या घरी माळ्यावर धूळ खात होती. एके काळी पगार झाला की तो पुस्तकं मागवायचा, कुणी बोलावलं तर कॉलेजात जाऊन तासतासभर बोलायचा, मुलांना टिपणं वाटायचा. आता चाललंय ते चालू ठेवलं की पुरे, एवढंच उरलं होतं.

खरं तर त्याला तिच्या हुशारीपेक्षा तिच्या त्या सरांचाच जास्त हेवा वाटत होता. 'सर, सापडलं' असं त्याला कुणी कित्येक वर्षांत म्हटलं नव्हतं.

एकदा त्याने सरळ विचारलं, "ही पुस्तकं कोण सुचवतं तुला?"

कावेरी हसली. "सर, तुम्ही विचारताय?"

म्हणजे मला एवढंही कळत नाही, असं हिला म्हणायचंय! तो तडक निघून गेला. त्या दिवशी त्याला डबाही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तो मॅनेजर भावेशभाईंच्या केबिनमध्ये गेला. "आपला प्रोग्रॅम ती बाहेरच्या माणसाला ओळ न् ओळ वाचून दाखवते. ओढणीखाली फोन असतो. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

ऐकलं होतं, हे खरं. फोन मात्र त्याने पाहिला नव्हता.

भावेशभाईंनी तिला बोलावलं. "बेटा, कोणाशी वात करते तू? साफ बोल."

कावेरी मुळीच घाबरली नाही. तिने प्रसादकडे पाहिलं. "साहेब, प्रसाद सरांनाच विचारा ना. त्यांना सगळं माहिती आहे."

"मला काही माहिती नाही," प्रसाद म्हणाला.

"खरंच सर?"

"खरंच."

तिचा चेहरा उतरला. पुढे भावेशभाईंनी तीनदा विचारलं, पण ती एक शब्द बोलली नाही. जेवणाच्या सुट्टीआधीच तिचं ओळखपत्र गेटवर जमा झालं. भावेशभाईंनी प्रसादच्या पाठीवर थाप मारली. "नव्या प्लँटची तैयारी करा, प्रसादभाई."

त्या सरांचं नाव तरी कळावं म्हणून प्रसादने तिचं टेबल धुंडाळलं. खण रिकामे होते. तिने सगळं नेलं होतं, फक्त बॉबिन मागे ठेवला होता. आत पेन एकही नव्हतं. कागदाची एक सुरळी होती.

हाताने लिहिलेल्या पानाची जुनी, पिवळी पडलेली झेरॉक्स. 'कुतूहल असलेल्या प्रोग्रॅमरने वाचायची दहा पुस्तकं.' सातांपुढे बरोबरची खूण होती. तळाशी लिहिलं होतं:

'कोड अडला तर लगेच दुसऱ्याकडे धावू नका. टेबलावर एखादी वस्तू ठेवा, तिला सर म्हणा आणि ओळ न् ओळ मोठ्याने समजावून सांगा. चूक तुमची तुम्हालाच सापडेल.'

अक्षर त्याचंच होतं.