भेटायला जाणं

दत्तोबांनी आठवी बाटली गच्चीवर आणून ठेवली, टॉवेलने घाम पुसला आणि समाधानाने खाली बसले. मे महिन्याचं हैद्राबादचं ऊन होतं. हवं तेवढं आणि फुकट.

सकाळी दहाला गेलेली लाइट बारा वाजले तरी आली नव्हती. खोलीतली ट्यूब बंद, आणि तिच्याखाली त्यांच्या लेकीच्या, निशिगंधाच्या, बाटल्या अंधारात. गोदावरी जिथे समुद्राला मिळते तिथलं पाणी होतं त्यांत, आणि त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. देशाचा बाजार नुकताच जगाला खुला झाला होता. विद्यानगरातली बाकीची पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला पळत होती, आणि यांची लेक तीन वर्षं हे जीव सांभाळत बसली होती. पाणी गोडं झालं तर त्यांचं काय होतं, तापलं तर काय होतं, ते वहीत लिहायची. सुट्टीत प्रयोगशाळा बंद, म्हणून ही मंडळी महिनाभर घरी मुक्कामाला आली होती.

“पिकासारखेच आहेत, बाबा. उजेडावर जगतात,” असं तिनेच सांगितलं होतं. नांदेडकडे शेतात वाढलेल्या माणसाला आणखी काय समजवायचं? एवढे जीव उपाशी आहेत आणि आपण खुशाल जेवलो, हे दत्तोबांना बघवेना.

चारला निशिगंधा कोठीच्या बाजारातून आली. रिकामी खोली बघून तिने विचारलं, आणि उत्तर ऐकताच ती गच्चीकडे धावली. दत्तोबा कौतुकाने मागोमाग चढले.

“हल्लू जा, बाई. समदे ठीक हैत. दुपारभर पोटभर ऊन खाल्लं त्यांनी.”

तिने एक बाटली उचलली आणि चटका बसून लगेच खाली ठेवली. सकाळी त्या पाण्यावर गुलाबी छटा होती. आता ते तांदळाच्या धुवणासारखं दिसत होतं. आठही बाटल्यांत तेच.

“गेले का गं?” दत्तोबांचा आवाज उतरला.

“हौ, बाबा.” तिने मान फिरवली. “एक दिवस अंधारात राहिले असते ते. एवढं ऊन, एवढी गरमी त्यांना सोसत नाही.”

दत्तोबा पायरीवर बसले. डिसेंबरात तिला प्रबंध द्यायचा होता. नातेवाईक लग्नाचं काढायचे तेव्हा “पोरीचं काम होऊ द्या आधी” म्हणून हेच त्यांना वाटेला लावायचे. त्याच कामाची त्यांनी एका दुपारीत माती केली होती.

“शिव्या दे मला, माय.”

तिने शिव्या दिल्या नाहीत. शेजारी बसली, आलं तेवढं रडून घेतलं आणि त्यांच्याच टॉवेलने डोळे पुसले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “परत पाणी आणावं लागेल. काकीनाड्यापर्यंत रेल्वे, पुढे होडी. सगळं पहिल्यापासून.”

“मी येतो संगं.”

“कशाला? तुमचे गुडघे दुखतात. बाटल्या मी आणते.”

“बाटल्यांसाठी नाही गं.” दत्तोबा त्या फिकट पाण्याकडे बघत राहिले. “माझ्या हातून गेले ते. त्यांच्या गावाला भेटायला नको का जायला?”