मच्छरदाणीची मधली बाजू

पाऊस ओसरला, उकाडा वाढला आणि घरात डासांनी उच्छाद मांडला. सकाळी बाबांचा हात पाहिला आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. फक्त डावा हात, बोटांपासून कोपरापर्यंत लालेलाल; उजव्यावर एकही चावा नाही. आईबाबांच्या खाटा शेजारी-शेजारी, पण मच्छरदाण्या दोन, कारण दोघांत अकरा वर्षांचा अबोला. साधा निरोपसुद्धा माझ्यामार्फत. त्यांना सांभाळायला रात्री राहणाऱ्या मावशींना मी फैलावर घेतलं. "मच्छरदाणी नीट खोचत नाही तुम्ही! आणि डासांचं क्रीम? लावता तरी का कधी?" त्या मान खाली घालून म्हणाल्या, "खोचते हो ताई. सकाळी दोन्हींची मधली बाजू सुटलेली असते. क्रीमही मी लावते, पण दोघं पुसून टाकतात." म्हणे सुटलेली असते! मच्छरदाणीला काय पाय फुटतात? आई एरवी अशा वेळी चार शब्द जास्तच ऐकवायची. आज मात्र एवढ्या घामात उजवा हात चादरीखाली घालून गप्प बसलेली. हीसुद्धा मावशींना सामील? "उद्यापासून येऊ नका," मी मावशींना बजावलं. त्यांनी मुकाट्यानं पिशवी उचलली. तेव्हा आईनं हात चादरीबाहेर काढला. बोटांपासून कोपरापर्यंत लालेलाल. मी काही विचारायच्या आत बाबा तिच्यावर खेकसले, "तरी रोज सांगतो, क्रीम पुसू नकोस म्हणून!" आई फणकारली, "ते लावलं की तुमचा हात निसटतो!"