दरारा

"मॅडम, तुमचा आवाज कधी केबिनपर्यंत येतच नाही. लीडरचा कसा दरारा पाहिजे!" असं म्हणून कदमसाहेबांनी याही वर्षी रचनाचं प्रमोशन अडवलं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घोडबंदर रोडवरच्या या डेपोतून तिच्या हाताखाली एकही बस कधी उशिरा सुटली नव्हती, आणि त्यासाठी तिला कधी कुणावर डाफरावं लागलं नव्हतं.

आवाज पाहिजे ना? घ्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डेपोच्या मधोमध उभी राहिली आणि घसा फोडून ड्रायव्हरांवर ओरडली, "तोंड काय बघताय माझं? गाड्या काढायला आता आमंत्रण देऊ का?"

सगळे चरकले. स्टिअरिंगवर बसलेलेही पटापट खाली उतरून तिच्याभोवती जमले. म्हाताऱ्या देवरामने पाण्याची बाटली पुढे केली. "मॅडम, घरी काय झालंय का? कुणी ॲडमिट आहे का? चला, आम्ही येतो सगळे."

तेवढ्यात कदमसाहेब टाळ्या वाजवत केबिनबाहेर आले. "वा! याला म्हणतात लीडर!"



जमलेल्या ड्रायव्हरांच्या पाठीमागे, सुटायची वेळ टळून गेली तरी, एकही बस जागची हलली नव्हती.