देवीचं वळण

विनूने मोबाईल गाडीच्या काचेपुढे अडकवला होता, म्हणजे ओमानमधल्या नंदूलाही सोबत असल्यासारखं वाटेल. मागच्या सीटवर आई होती. तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेला तांब्या होता. त्यात तात्यांच्या अस्थी.

कंपनीने रजा दिली नव्हती. वाळवंटात रस्त्याकडेला ट्रेलर लावून नंदू फोनच्या पडद्यावर आंबा घाट बघत होता. गाडी घाटात शिरली तशी त्याने केबिनमधल्या देवीच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. लहानपणी तात्या दरवर्षी सगळ्यांना कोंबून वाडीला न्यायचे. घाट लागला की आई आवळासुपारी वाटायची, विनू तरीही ओकायचाच, आणि देवीच्या वळणावर तात्या नारळ फोडायचे. खोबऱ्याचा पहिला तुकडा नंदूचा.

"विनू, वळण आलं बघ! घे बाजूला."

विनू गाडी चालवत राहिला.

"अरे, थांब ना! तात्या कधी तसेच पुढे गेलेत का? नारळ विसरलास? नुसता हात तरी जोड! विनू, पाया पडतो तुझ्या, थांब!"

"सुतक आहे रे बाळा," आई म्हणाली.

देऊळ काचेतून मागे सरकलं.

"मलापण?" नंदूने विचारलं.

"थोरला ना तू."

मग रेंज गेली. त्याने पुन्हा पुन्हा फोन लावला. लागेना. उदबत्ती अजून जळत होती. त्याने ती चिमटीत धरून विझवली आणि तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं.