कॅमेऱ्यावरची छत्री

छत्री नवऱ्याच्या डोक्यावर नव्हे, कॅमेऱ्यावर धरायची होती. तशी सक्त ताकीद होती. लेन्स तापली की फोटो बिघडतो म्हणे. बायको तापली तर काय बिघडतं, यावर त्याच्या फोटोग्राफी क्लबात अजून कुणाचं व्याख्यान झालेलं नव्हतं. ती डोक्याला रुमाल बांधून, हात लांब करून त्या महागड्या नळकांड्याला सावली देत उभी होती.

क्लबातली मंडळी नवऱ्याला ‘निसर्गसखा’ म्हणत. पदवी त्यानेच आपल्या कार्डावर छापून घेतली होती, मग लोक तरी काय करणार! निवृत्त झाला आणि निसर्गाच्या मागे लागला. तेव्हापासून निसर्गाची काही धडगत नव्हती. क्लबाच्या स्पर्धेत दरवर्षी त्याची उत्तेजनार्थ बक्षिसावर बोळवण व्हायची. यंदा पहिला नंबर आणायचाच असा चंग बांधून तो टेकडीच्या पायथ्याशी एका बुटक्या झाडासमोर ठाण मांडून बसला होता. झाडावर हात पोचेल एवढ्या उंचीवर घरटं होतं आणि घरट्यात पिल्लं होती.

सकाळचं कोवळं ऊन फुकट गेलं होतं. पानांनी गच्च भरलेली एक फांदी घरट्यावर आडवी आली होती आणि फोटोत नुसता काळोख उतरत होता. शेवटी निसर्गसख्याने पिशवीतून कात्री काढली. कात्री तिच्या कुंड्यांची, न विचारता आणलेली.

“अहो, सावली आहे ती त्यांची,” ती म्हणाली होती.

“एका फांदीने काय होतंय? सगळेच करतात. याला फ्रेम साफ करणं म्हणतात.”

फ्रेम साफ झाली. घरट्याशेजारी फांदीचा वीतभर खुंट तेवढा उरला, आणि ऊन चढत गेलं तसं थेट घरट्यात उतरलं.

आता भर दुपारी पिल्लं चोची वासून पडली होती.

“बघ, बघ! भुकेने कशा चोची उघडल्यात! काय एक्स्प्रेशन आहे!”

“भूक कसली डोंबलाची! उन्हाने तडफडतायत ती.”

“हळू बोल, आई येतेय.”

आई आली. करडी, मुठीएवढी पक्षीण. भरवायचं सोडून ती पिल्लांवर उभी राहिली, सूर्याकडे पाठ केली आणि दोन्ही पंख पसरून तशीच थांबली. तिचीही चोच उघडी होती, छाती धपापत होती.

नवऱ्याला आनंदाचं भरतं आलं. कॅमेरा खटखटायला लागला. “माया! नाव सुचलं बघ फोटोचं. माया! बस्स, अशीच राहा... पंख अजून थोडे उघड, राणी...”

आयुष्यात त्याने बायकोला कधी राणी म्हटलं नव्हतं.

“पहिला नंबर पक्का,” तो कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाला. “छत्री नीट धर गं, लेन्सवर ऊन येतंय.”

तिने घरट्याकडे पाहिलं. एका पिल्लाची मान काठावरून बाहेर लोंबत होती. तिला नवऱ्याची किळस आली. इतक्या वर्षांच्या संसारात राग पुष्कळदा आला होता, किळस पहिल्यांदाच. ती छत्रीसकट चालू लागली.

“अगं, कुठे? फ्रेममध्ये येतेयस!”

“माहितेय.”

पक्षीण भुर्रकन शेजारच्या झुडपात उडाली. बायकोने लोंबणारं पिल्लू बोटाने अलगद आत सरकवलं. छत्रीचा दांडा त्या खुंटाला टेकवला, डोक्याचा रुमाल सोडला आणि त्याने दांडा करकचून बांधला. घरटं सावलीत गेलं. मग ती मागे सरली आणि नवऱ्याची वाट अडवून उभी राहिली.

“वाट लावलीस माझी! रानात छत्री? परीक्षक हसतील मला! काढ ती आधी.”

“हात लावून बघा.”

तिचा हा आवाज त्याच्या परिचयाचा नव्हता. दोन पावलं पुढे आलेला तो कॅमेऱ्याकडे परतला.

बऱ्याच वेळाने पक्षीण आली. मान वाकडी करून छत्रीकडे पाहिलं, पुन्हा उडाली, पुन्हा आली, आणि आत शिरली. या खेपेला तिने पंख पसरले नाहीत. ते मिटून ती पिल्लांना बिलगून बसली.

इकडे कॅमेऱ्यावर रणरणतं ऊन आलं होतं. छत्री वगळून काही मिळतंय का, या आशेने नवरा अजून जागा सोडत नव्हता. त्याने आपली टोपी काढून लेन्सवर ठेवली. टोपी पुरेना. मग तो उन्हाकडे पाठ करून उभा राहिला, कॅमेऱ्यावर ओणवा झाला आणि शर्टाची दोन्ही टोकं हातांनी ताणून धरली. टक्कल लालबुंद झालं होतं. तोंड वासून तो धापा टाकत होता.

तिने पर्समधून मोबाइल काढला.

“आता हे काय?” तो धापा टाकत म्हणाला.

“हलू नका,” ती म्हणाली. “पंख अजून थोडे उघडा, राजे.”